सुतारी बेंचसाठी परवडणारं, वाळलेलं लाकूड पुण्यात कुठे मिळेल?

ओवी_धायरी
९ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार. मी धायरीत राहते, नोकरी बँकेत. तीन वर्षांपासून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूडकाम शिकते आहे. वेळ मिळतो तो रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. आतापर्यंत दोन चौरंग, मुलाचं पुस्तकांचं कपाट आणि सासूबाईंसाठी देव्हारा झाला. हे सगळं जुन्या जेवणाच्या टेबलावर केलं. अडचण अशी की रंध्याला जोर लावला की टेबल पुढे सरकतं, मग मुलगा पलीकडून धरून उभा राहतो. त्याची यंदा दहावी आहे, त्याला दर रविवारी वर बोलावणं बरं वाटत नाही. म्हणून आता न हलणारं, पक्कं सुतारी बेंच करायचं ठरवलं आहे.

आकार असा: लांबी ५ फूट, रुंदी २२ इंच, वरचा पाट ३ इंच जाड. पाय ४ बाय ४ इंची, अडीच फूट उंच. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या ४ बाय २. सगळं मिळून सव्वाचार-साडेचार घनफूट होतं, नासधूस धरून सहा घनफूट लागेल असा माझा हिशोब. टिंबर मार्केटात सागाचा भाव विचारला तर घनफुटाला साडेचार हजारांच्या पुढेच सुरू होतो. म्हणजे नुसतं लाकूड सत्तावीस हजारांचं. तेवढे पैसे मी ज्यावर ठोकाठोक करायची त्या वस्तूवर घालू शकत नाही.

म्हणून मागच्या महिन्यात एका वखारीतून पाइन आणलं. वखारीचं नाव लिहीत नाही. "एकदम सुका माल आहे मॅडम" असं सांगितलं होतं. पायांसाठी ३ फुटी चार तुकडे आणि पाटासाठी ६ फुटी सहा फळ्या. भाव ९०० रुपये घनफूट, पावती ३.५८ घनफुटांची, ३,२२२ रुपये. घरी येऊन टेप लावली. ४ बाय ४ म्हणून दिलेला पाय साडेतीन बाय साडेतीन भरला. ६ बाय दीडची फळी साडेपाच बाय सव्वा. त्या मापाने माल होतो २.७४ घनफूट. म्हणजे साडेसातशे रुपये हवेचे दिले. परत जाऊन विचारलं तर म्हणाले, "साइज अशीच येते, सगळे असंच घेतात." माझ्याआधी उभ्या असलेल्या सुतारांना ते असंच देतात का, हे मला कळायला मार्ग नव्हता.

पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून वाईट पुढे झालं. तीन आठवड्यांत दोन पायांना पीळ पडला. सपाट फरशीवर ठेवले की एक कोपरा पाव इंच वर राहतो. फळ्या मधून वाटीसारख्या खोलगट झाल्या आहेत.

तर अनुभवी लोकांना विचारायचं आहे: बेंचला नेमकं कुठलं लाकूड चालतं? पुण्यात किंवा आसपास ते रास्त भावात कुठे मिळेल? आणि "सुकं आहे" असं कुणी म्हटलं तर ते खरं की नाही, हे जागेवर उभं राहून कसं ओळखायचं? हा तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

---

चाकण_लॉजिस्टिक्स
१० मार्च, सकाळी ८.१५

ताई, पॅकिंगचं लाकूड बघितलंत का? मी चाकण एमआयडीसीत स्टोअर्सला आहे. परदेशातून मशिनरी येते ती जाड लाकडी क्रेटमध्ये. खालचे स्किड (तळाचे जाड आडवे ठोकळे) ३ बाय ४, कधी ४ बाय ४ असतात, बहुतेक पाइन. कंपन्या ते भंगारवाल्याला वजनावर देतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅलेटवर किंवा क्रेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो, शेजारी देशाचा कोड आणि पुढे 'एचटी' किंवा 'एमबी'. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, कीड मारण्यासाठी. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं. एमबी घरी आणू नका. शिक्का नसेल आणि तेलाचे, केमिकलचे डाग असतील तर तेही नको.

जुन्या चर्चांमध्ये सगळे चिखलीच्या कुदळवाडीला जा असं सांगतात. ते आता विसरा. तिथली भंगारची गोदामं महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. बरेच जण विखुरलेत. आधी फोन करून, माल आहे का विचारून मगच निघा, नाहीतर धायरीहून अख्खा दिवस जाईल.

---

पॅटर्नवाला_शिरोली
१० मार्च, रात्री ९.०५

ताई, तुमचा तिसरा प्रश्न पहिला घेतो, कारण बाकी दोन्हीचं उत्तर त्यातच आहे.

मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे ज्याचा ठसा वाळूत घेऊन त्यात धातूचा रस ओततात ती लाकडी वस्तू. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना फुटामागं साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून आमची पट्टीसुद्धा वेगळी असते, तेवढी वाढवलेली. आता विचार करा, एवढं बारीक माप धरून केलेला पॅटर्न पावसाळ्यात स्वतःच फुगला किंवा पिळला तर शंभर कास्टिंग भट्टीत परत जातात. त्यामुळं आमच्या धंद्यात लाकडाची जात नंतर विचारतात, आधी विचारतात किती वाळलंय.

आता ओळखायचं कसं. हाताला गार लागतं, वास येतो, ठोकून आवाज ऐकायचा, हे सगळं खरं आहे पण त्याला वर्षं लागतात. तुम्ही वजन करा. सामान तोलायचा हुकाचा काटा मिळतो, तो पिशवीत ठेवून वखारीत जा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४, म्हणजे घनफूट. वाळलेला पाइन घनफुटाला १३ ते १५ किलो भरतो. साग १८-१९. बाभूळ २२-२३. लाकूड जिवंत आहे, दोन किलो इकडंतिकडं होणारच. पण पाइन जर घनफुटाला १९ किलो भरला, तर वरचे चार-पाच किलो तुम्ही पाण्याचे विकत घेताय.

तुमचा पिळलेला पाय ३ फूट, साडेतीन बाय साडेतीन. म्हणजे पाव घनफुटाला थोडं जास्त. वाळलेला असता तर साडेतीन-पावणेचार किलो भरला असता. आज तोलून बघा आणि इथं लिहा.

आणखी एक. एचटी शिक्क्याबद्दल वरच्या दादांनी बरोबर लिहिलंय, पण एचटी म्हणजे वाळलेलं असं समजू नका. कीड मेली एवढंच. आतलं पाणी तसंच असू शकतं. तोला.

मापाबद्दल. वखारीत "साइज" म्हणतात ती बऱ्याचदा करवतीवर जाण्याआधीची. करवतीची फट, रंधा, सगळं गिऱ्हाईकाच्या डोक्यावर. तुम्ही भाव ठरवायच्या आधीच विचारा: "मोजणार कसं, हातात येईल ते की चिराईचं?" हातात येईल ते माप असेल तर भाव घनफुटाला शंभर रुपये जास्त सांगतील, तरी तोच घ्या. आणि टेप तुमची असू द्या. दुकानदाराच्या हातातल्या टेपेशी वाद घालण्यापेक्षा आपली काढून शांतपणे लावावी. गोल ओंडका घ्यायची वेळ आली तर तिथला हिशोब निराळा आहे. घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग गुणिले लांबी. खऱ्या घनफळाच्या तो साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतो, म्हणजे तो हिशोब गिऱ्हाइकाच्या बाजूचा असतो, पण ओंडक्याची साल, वाकडेपण आणि चिराईची नासधूस त्यात निघून जाते. तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

आता लाकूड. बेंचला तीन गोष्टी लागतात: वजन पाहिजे, वाकू नये, ठोकलं तर दबू नये. यातल्या एकीलाही साग लागत नाही. साग पाण्याला, वाळवीला टिकतो म्हणून दाराखिडक्यांना घालतात. शेडमधल्या बेंचला त्याचा काय उपयोग?

पायांना बाभूळ घ्या. आपल्याकडं बैलगाडीच्या चाकाचा तुंबा (मधला गड्डा), नांगर, कुळव बाभळीचा करायचे, कारण ती मार खाते. हत्याराची धार मात्र खाते, पटाशीला दर अर्ध्या तासानं दगड लावायला लागेल. ओली बाभूळ वाळताना चिरते, म्हणून लाकूड चिरायच्या गिरणीत मागं कोपऱ्यात एक-दोन वर्षं पडलेली मागा. जुना हिशोब इंचाला एक वर्ष असा आहे.

पाटासाठी माझं ऐकाल तर नवं लाकूड बघूच नका. तुम्ही पुण्यात आहात. पेठांतले वाडे पडतायत, इमारती उठतायत. वाड्याच्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कड्या असतात, ३ बाय ४, ४ बाय ५, आठ-दहा फूट लांब. साठ, ऐंशी, शंभर वर्षं छपराखाली वाळलेल्या. जेवढं वाळायचं तेवढं त्या केव्हाच वाळून गेलेल्या असतात. जुनं लाकूड विकणाऱ्याकडं गेलात की तो तुम्हाला सागाच्या तुळया, नक्षीचे खांब दाखवेल. ते हॉटेलवाल्यांना आणि फार्महाउसवाल्यांना जाऊ द्या. तुम्ही विचारा, "जुनं जंगली आहे का?" सागाशिवायच्या सगळ्या लाकडाला धंद्यात जंगली म्हणतात. ऐन असेल, किंजळ असेल, कधी ओळखताही येत नाही. त्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून सागाच्या निम्म्या भावात किंवा त्याच्याही खाली. आठ कड्या एकमेकीला चिकटवल्या की तुमचा २२ इंची पाट तयार.

कडी घेताना टोकं बघा. भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, टोकदार सळईनं टोचून बघा. आत जात असेल तर तेवढा भाग मापातून वजा करायला लावा. बारीक गोल भोकं असतील तर कडी उभी धरून हातोडीनं ठोका. पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, ती कडी सोडा. नुसती जुनी भोकं असतील तर हरकत नाही.

---

देवरुख_वासे
१० मार्च, रात्री ११.३०

पॅटर्नवाल्या काकांना अनुमोदन. आमच्याकडे संगमेश्वर भागात घरांचे वासे किंजळीचे आणि ऐनाचेच. आता कौलं काढून पत्रा नाहीतर स्लॅब घालतात आणि ते वासे, रीपा अंगणात रचून ठेवतात. दोन पावसाळे गेले की सरपण. गेल्या मे महिन्यात माझ्या मावशीकडे न्हाणीच्या चुलीत किंजळीचा वासा जळताना बघितला, दोन माणसांना उचलत नव्हता असा. मी तो अर्धा ओढून बाहेर काढला आणि पाणी ओतलं. त्याच उरलेल्या तुकड्याचा माझा मॅलेट, म्हणजे लाकडी हातोडा, आहे.

कुणी कोकणातले नातेवाईक घर दुरुस्त करत असतील तर जरूर विचारा. मात्र एक काळजी घ्या: उभं झाड तोडून देतो असं कुणी म्हणालं तर थेट नको म्हणा. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, मालकाच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. आणि लाकूड कुठलंही असो, घाट चढून आणायचं तर टेम्पो भरण्याआधी वनखात्याच्या जवळच्या ऑफिसात वाहतूक पासाचं विचारून घ्या. नाक्यावर गाडी अडवली की ड्रायव्हरचा दिवस जातो.

---

क्लीव्हलँडहून
११ मार्च, पहाटे ४.५०

ताई, तुमच्या मापांवरून वाटतं की तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघून आराखडा केलाय. मीही इथे गॅरेजमध्ये तसंच बेंच केलं, म्हणून लिहितो. इथले लोक घरबांधणीचं लाकूड वापरतात, पश्चिमेकडे डग्लस फर, दक्षिणेकडे यलो पाइन. त्यावर 'केडी' किंवा 'एस-ड्राय' असा शिक्का असतो, म्हणजे ओलावा १९ टक्के किंवा कमी. आणि इथला 'टू बाय फोर' प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच असतो, पण ते सगळ्यांना माहीत असतं आणि विक्री नगावर होते, घनफुटावर नाही. त्यामुळे व्हिडिओतला माणूस 'पाइन घ्या' म्हणतो तेव्हा तो वेगळ्या मालाबद्दल बोलत असतो. तुमच्या वखारवाल्याने ती साइज दाखवली आणि पैसे पूर्ण मापाचे घेतले, हे चूकच आहे.

पुण्यात जुन्या वाड्यांचं लाकूड अशा भावात मिळतं हे वाचून जीव हळहळला. इथे धान्याच्या जुन्या कोठारांचं लाकूड नव्याच्या कितीतरी पट महाग विकतात.

---

ओवी_धायरी
११ मार्च, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आज येताना हुकाचा काटा आणला. पिळलेला पाय ४ किलो ६०० ग्रॅम भरला. म्हणजे पाऊण किलोहून जास्त पाणीच. मला तो आकडा बघून एकदम मोकळं वाटलं, कारण इतके दिवस मी समजत होते की मी शेडमध्ये नीट रचला नाही म्हणून पिळला.

आता याचं काय करू? टाकून द्यावं लागेल का?

---

पॅटर्नवाला_शिरोली
१२ मार्च, सकाळी ७.००

अजिबात टाकू नका. खाली तीन सारख्या पट्ट्या ठेवून त्यावर रचा, प्रत्येक थरात पट्ट्या एकावर एक येतील अशा. वर जड काहीतरी ठेवा. टोकांना जुना रंग किंवा मेण फासा, पाणी टोकातून फार लवकर जातं आणि तिथंच चीर पडते. ऊन लागू देऊ नका, वारा लागू द्या. दर रविवारी एकच पाय तोला आणि त्याच्यावरच पेन्सिलनं तारीख आणि वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. मग रंधा मारून जे उरेल त्याचा खालचा कप्पा करा.

---

ओवी_धायरी
७ जून, सायंकाळी ६.१०

पाऊस सुरू व्हायच्या आत लिहिते. बेंच उभं राहिलं.

लाकूड मिळायला पाच शनिवार-रविवार गेले. जुनं लाकूड विकणाऱ्या तिघांकडे गेले. पहिल्याने 'जंगली' शब्द ऐकल्यावर मला सागाचाच खांब जंगली म्हणून दाखवला, भावही सागाचाच. दुसऱ्याकडे कड्या होत्या पण सगळ्यांची टोकं सळई टोचली की भाकरीसारखी तुटत होती. तिसऱ्याकडे मागच्या बाजूला, पत्र्याखाली, चुन्याने पांढऱ्या झालेल्या कड्या पडल्या होत्या. पेठेतल्या कुठल्याशा वाड्याच्या. दहा फुटी, ३ बाय ४. त्याने ९५० रुपये घनफूट सांगितला, हातात येईल ते माप. मी टेप काढली, काटा काढला. एक कडी त्याच्या माणसाने आणि मी मिळून काट्याला लटकवली, १९ किलो ३०० भरली. १० गुणिले ३ गुणिले ४ भागिले १४४ म्हणजे ०.८३ घनफूट. घनफुटाला २३ किलो. लाकूड कुठलं ते त्यालाही माहीत नव्हतं. तो काट्याकडे बघत होता, मग स्वतःच म्हणाला की ही दुसरी घेऊ नका, टोकाला पोकळ आहे.

सहा कड्या घेतल्या, पाच घनफूट, ४,७५० रुपये. मधून कापायचे १५०. पायांची बाभूळ कात्रजपुढच्या एका गिरणीत मिळाली, दोन वर्षं पडलेली, ३ फुटी चार तुकडे, ७०० रुपये भावाने ९३३. टेम्पो ७००. एकूण ६,५३३ रुपये. पाइनचे गेलेले धरले तरी दहा हजारांच्या आत.

खिळ्यांचं काम मात्र कुणी सांगून समजलं नसतं. काढलेले खिळे एका डब्यात ठेवले आहेत, ४१ निघाले. आताच्या तारेच्या खिळ्यांसारखे गोल नाहीत. चौकोनी, लोहाराने घडवलेले, खाली निमुळते होत गेलेले, प्रत्येकाचं डोकं वेगळं. काही डोकी तुटून खिळा आतच राहिलेला. पहिल्या दिवशी चुंबक फिरवून शोधत होते, नंतर डोळ्याला सवय झाली: चुन्याचा थर खरवडला की खिळ्याभोवती लाकूड निळसर काळं दिसतं, शाई सांडल्यासारखं, आणि तो डाग रेषांच्या दिशेने लांबट पसरलेला असतो. डाग जिथे सगळ्यात गडद तिथे पटाशी. तरीही रंध्याच्या पात्याला दोन खाचा पडल्याच.

चुना आणि काजळी निघाल्यावर आतून लाकूड तपकिरी निघालं, मधूनमधून गडद रेघा. आठ तुकडे चिकटवले. दोन-दोन करून जोडले, एकदम आठ जोडायला माझ्याकडे शिकंजे (आवळून धरायचे क्लॅम्प) तेवढे नाहीत. रंधा मारून पाट साडेतीन इंच जाड राहिला, म्हणजे ठरवल्यापेक्षा जाडच.

बाभळीचा एक पाय ८ किलो १०० भरला होता, हिशोबाने अर्धा किलो जास्त. घाबरून काकांना व्यक्तिगत संदेश पाठवला. त्यांनी लिहिलं की पाय किंचित ओला असलेला चालतो, कूस (आडव्या पट्टीचं पायाच्या भोकात बसणारं टोक) मात्र पूर्ण वाळलेली पाहिजे. पाय वाळत जाईल तसं भोक आवळत जाईल आणि कूस आत घट्ट बसेल. जुने सुतार मुद्दाम तसं करायचे म्हणे. आडव्या पट्ट्या कड्यांच्याच असल्यामुळे कुसा वाळलेल्याच होत्या. हे इथे सगळ्यांसाठी लिहिते.

पाइनच्या पायावर आता पेन्सिलीने बारा तारखा आहेत. ४ किलो ६०० वरून ४ किलो ५० वर आलाय, अजूनही आठवड्याला पंचवीस-तीस ग्रॅम उतरतंय. पावसाळ्यात थांबेल असं वाटतं, दिवाळीनंतर बघू. फळ्या पातळ म्हणून लवकर वाळल्या, त्यांचा खालचा कप्पा झाला.

बेंच शंभर किलोच्या पुढे आहे. आम्ही दोघांनी मिळून खेचलं तर हलतं, रंध्याने हलत नाही. काल एकटीने साडेचार फुटी फळीला पूर्ण जोर लावून रंधा मारला. मुलगा खाली क्रिकेट खेळत होता.

काका, एकच शंका राहिली. पाटाच्या उजव्या टोकापासून फूटभर अंतरावर तसाच काळा डाग आहे, रुपयाएवढा. चुंबक धरत नाही. वरून भोकही दिसत नाही. तसाच ठेवू का?

---

पॅटर्नवाला_शिरोली
७ जून, रात्री ८.४५

तसाच ठेवू नका, तिथंच एक दिवस पातं जाईल. चुंबक धरत नाही म्हणजे एक तर खिळा गंजून माती झालाय, नाहीतर तुटलेला तुकडा अर्ध्या इंचाच्या खाली आहे. डाग लांबट पसरलाय म्हणालात, तर त्याच्या बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचं ड्रिल हळूहळू घाला. तांबूस भुकटी आली तर गंज आहे, भोक तेवढं मोठं करून त्याच लाकडाची खुंटी ठोका. ड्रिल अडलं, आवाज बदलला, तर लगेच थांबा आणि शेजारून पटाशीनं चौकोनी खाच घेऊन तुकडा पकडीनं ओढा. खाचेत त्याच कडीच्या कापलेल्या टोकाचा तुकडा बसवा, रेषा जुळवून. टोकं टाकली नाहीत ना?

आणि ४१ खिळ्यांचा फोटो टाका.